भूत ऐकायचं असतं

कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये हा वाद ठरलेला आहे. कुणीतरी म्हणतं, "परवा धारपांचं एक पुस्तक संपवलं." लगेच समोरून प्रश्न येतो, "वाचलंस की ऐकलंस?" ऐकलं म्हणालात की विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर एक बारीकसं हसू उमटतं. गाइड वाचून पास झालेल्याकडे बघून हसतात ना, तसं. बसमध्ये दांडीला लोंबकळत, कानात इअरफोन घालून पुस्तक 'संपवणारे' आम्ही म्हणजे कॉपी करून मार्क मिळवणारी मंडळी, असा एकूण सूर.

कविता, इतिहास, वैचारिक पुस्तकं यांच्याबद्दल हा वाद जरूर घाला, मी दोन्ही बाजूंनी बोलेन. भुताच्या गोष्टीबद्दल मात्र ऐकून घेणार नाही. भुताची गोष्ट ही ऐकायचीच वस्तू आहे. ती छापायला लागलो ते फार नंतर.

मी राहते बावधनला. (वाईजवळचं, बगाडाच्या यात्रेचं बावधन वेगळं. हे दर नव्या ओळखीत सांगावं लागतं.) आमचं बावधन चांदणी चौकाच्या पलीकडचं, मुळशी तालुक्यातलं. अर्धं गाव, अर्धं टॉवर. राम नदीच्या या बाजूला जुनी घरं आणि मारुतीचं देऊळ, त्या बाजूला चौदा मजल्यांवर वाळत घातलेले कपडे. डेक्कनहून इथं यायला एरवी लागतो त्याच्या दुप्पट वेळ पावसाळ्यात लागतो, आणि तेवढ्या वेळात एक भयकथा आरामात बसते. बाहेर काचेवरून पाणी ओघळतंय, पुढचं काही दिसत नाही, बस एका जागी उभी. कानात कुणीतरी हळू आवाजात सांगतंय की त्या वाड्याचं मागचं दार आतून बंद होतं. मला सांगा, यापेक्षा चांगलं वाचनालय कुठं आहे?

चांदणी चौकाचं एक वेगळंच. २०२२च्या ऑक्टोबरात मध्यरात्री तिथला जुना पूल स्फोटकं लावून पाडला. २०२३च्या ऑगस्टमध्ये नवा उड्डाणपूल सुरू झाला. तेव्हापासून तिथं इतक्या वाटा फुटल्यात की बाहेरगावचा माणूस बावधनला यायला निघतो आणि थेट मुंबईच्या दिशेला लागतो. माझी आजी याला 'चकवा' म्हणते. चकवा हे भूत दिसत नाही, काही करत नाही, फक्त वाट चुकवतं. माणूस रात्रभर चालतो आणि पहाटे त्याच झाडापाशी येऊन उभा राहतो. आजीच्या गोष्टीत ते झाड बाभळीचं असतं. आमच्या गोष्टीत तो हिरव्या रंगाचा दिशादर्शक फलक असतो.

तर मुद्दा ऐकण्याचा. बावधनहून पाषाणच्या बाजूला बघितलं की वेताळ टेकडी दिसते. पुणे शहरातली सगळ्यात उंच टेकडी, वर वेताळाचं देऊळ. (आता त्या टेकडीला वेताळापेक्षा रस्त्यांच्या आराखड्यांचीच जास्त धास्ती आहे, पण तो वेगळा लेख.) आपल्याकडचं सगळ्यात प्रसिद्ध भूत म्हणजे हा वेताळ. तो कुणाला मारत नाही, झपाटत नाही. तो करतो काय? विक्रम राजाच्या खांद्यावर बसतो आणि त्याच्या कानाशी गोष्ट सांगतो. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवानं 'कथासरित्सागर' रचला, त्यातसुद्धा हा वेताळ आहे. रात्र, स्मशान, खांद्यावर प्रेत आणि कानाजवळ आवाज. राजाला पान उलटायचं नाहीये, चित्र बघायचं नाहीये. त्यानं फक्त चालायचं आणि ऐकायचं. हजार वर्षांपूर्वी आपल्या लोकांनी इअरफोनची कल्पना केली होती, इतकंच की तो इअरफोन जरा वजनदार होता.

वेताळाची अट आठवा: गोष्ट संपेपर्यंत गप्प राहायचं. राजाला तेवढंच जमत नाही. शेवटी प्रश्न आला की उत्तर देतो, मौन मोडतं, वेताळ परत झाडावर. मला ही अट भयकथा ऐकण्याची पहिली अट वाटते. मधे कुणी बोललं की भूत झाडावर जातं. आमच्या फ्लॅटवर गोष्ट चालू असताना 'मला माहितीये पुढे काय होणार' असं म्हणणाऱ्या मुलीला भांडी घासावी लागतात. नियम आहे.

दुसरं उदाहरण शनिवारवाड्याचं. ३० ऑगस्ट १७७३ रोजी, गणेशोत्सवाच्याच दिवसांत, गारद्यांनी नारायणराव पेशव्यांचा तिथं खून केला. तो इतिहास आहे. पुढं त्यातून जी दंतकथा तयार झाली ती बघा. नारायणरावांचं भूत दिसतं असं कुणी म्हणत नाही. रक्ताळलेली आकृती नाही, पांढरा अंगरखा नाही. काय आहे, तर हाक आहे: "काका, मला वाचवा." पुण्याच्या सगळ्यात प्रसिद्ध भुताला शरीरच नाही, फक्त आवाज आहे. शाळेच्या सहलीत गाइडनं ही गोष्ट सांगितल्यावर आम्ही काही दिल्ली दरवाज्याकडे बघत बसलो नाही, सगळ्यांनी कान टवकारले. कावळे आणि रिक्षांचे हॉर्न ऐकू आले, ते सोडा.

माणसाला डोळे मिटता येतात, कान मिटता येत नाहीत. इतकं साधं आहे हे. सिनेमात भीती वाटली की आपण बोटांच्या फटीतून बघतो. पुस्तकात तर आणखी सोय: नजर हळूच पानाच्या तळाशी सरकते, 'किंचाळली' हा शब्द आधीच दिसून जातो आणि धक्का बोथट होतो. मी तर शेवटचं पान आधी बघणाऱ्या घराण्यातली आहे. ऐकताना हे चालत नाही. सांगणारा ज्या वेगानं जिन्याच्या पायऱ्या चढतो त्याच वेगानं तुम्हाला चढावं लागतं. तो सातव्या पायरीवर थांबला की तुम्हीही थांबता. आणि तो जो थांबलेला असतो ना, त्या दोन सेकंदांत तुमचं डोकं जे काही उभं करतं ते कुठल्याही कॉम्प्युटर ग्राफिक्सवाल्याला जमणार नाही.

एकच तोटा आहे. फोनच्या पडद्यावर उरलेली मिनिटं दिसतात. नायिका विहिरीत वाकून बघतेय आणि खाली लिहिलेलं आहे की अजून दीड तास बाकी आहे. म्हणजे ही आता काही मरत नाही. त्यामुळे मी फोन पालथा ठेवते. आणि हो, दीडपट स्पीडवर भयकथा ऐकणाऱ्यांशी माझी मैत्री होऊ शकत नाही. सेमिस्टरच्या आदल्या रात्रीची लेक्चरं ऐका दीडपटीनं. भूत दीडपटीनं आलं तर ते कुरिअरवालं वाटतं.

'तुंबाड' तुमच्यातल्या बहुतेकांनी पाहिला असेल. २०१८ला आला तेव्हा नाही तर २०२४मध्ये पुन्हा लागला तेव्हा. त्याचं मूळ कुठं आहे? दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांना १९९३मध्ये नागझिऱ्याच्या अभयारण्यात एका मित्रानं रात्री नारायण धारपांची एक गोष्ट सांगितली. सांगितली, वाचायला दिली नाही. जंगलात, अंधारात, तोंडी. ती त्यांच्या डोक्यात इतकी वर्षं राहिली की तिचा सिनेमा झाला. म्हणजे धारपांनी लिहिलेली गोष्ट एका मित्राच्या तोंडून एका मुलाच्या कानात गेली आणि तिथून सगळ्या देशाच्या पडद्यावर. यात कुठंही कुणी कुणाला विचारलं नाही की "वाचलंस की ऐकलंस?"

धारपांबद्दल एवढं तरी सांगायला हवं, कारण आपल्या पिढीतले बरेच जण त्यांना 'तुंबाडवाले' म्हणून ओळखतात. जन्म १९२५चा, निधन २००८चं. शिक्षण विज्ञानाचं. 'लुचाई' लिहिणाऱ्या धारपांनी स्टीफन किंग मराठी वाड्यात आणून बसवला. किंग वाचायच्या आधी धारप वाचलेल्या मराठी पोरांना किंगच धारपांची नक्कल करतो असं वाटायचं, असा विनोद आहे. त्यांच्या बरोबरीनं रत्नाकर मतकरी. त्यांच्या गूढकथेत भूत क्वचित भुतासारखं येतं, बहुतेक वेळा ते शेजारच्या माणसासारखं, घरातल्या लहान मुलासारखं येतं. मतकरी मूळचे नाटकवाले. त्यामुळे त्यांची वाक्यं तोंडात बसतात; ती मोठ्यानं वाचून बघा, कुठं थांबायचं ते वाक्यच सांगतं. २०२०च्या मे महिन्यात कोविडनं ते गेले. या दोघांची पुस्तकं आज फोनवर ऐकायला मिळतात, आणि मला वाटतं ती तिथं जास्त घरच्यासारखी वावरतात.

'ऑडिओबुक' हा शब्द नवा, पण मराठी कानाला हा प्रकार काही नवा नाही. द. मा. मिरासदार, शंकर पाटील आणि व्यंकटेश माडगूळकर गावोगावी एकत्र कथाकथन करायचे, माणसं तिकीट काढून ऐकायला जायची. मिरासदारांच्या एका गाजलेल्या कथेचं नावच 'भुताचा जन्म'. पु. ल. आणि व. पु. यांच्या कॅसेट ऐकून ऐकून आमच्या बाबांच्या पिढीला पाठ आहेत. बाबांनी 'म्हैस' कधी वाचलेली नाही, पण ती पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणून दाखवतात. त्यांना कुणी विचारत नाही की हे वाचन आहे का. पुणे आकाशवाणी १९५३ला सुरू झाली, तेव्हापासून या शहरानं किती श्रुतिका ऐकल्या असतील. मग स्टोरीटेल ही स्वीडनची कंपनी २०१७च्या नोव्हेंबरात भारतात उतरली ती इंग्रजी आणि हिंदीबरोबर मराठी घेऊनच. त्यांनी उपकार केले असं नाही. इथं ऐकणारे बसलेलेच होते, हे त्यांना कळलं.

आता त्या 'कॉपी करून पास' या शेऱ्याबद्दल. जगात ध्वनिमुद्रित पुस्तकं सुरू झाली ती दृष्टिहीनांसाठी, १९३०च्या दशकात. ब्रिटनमध्ये १९३५ला जी पहिली बोलकी पुस्तकं तबकड्यांवर निघाली त्यात अगाथा ख्रिस्तीची 'द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड' ही कादंबरी होती. पहिल्याच फटक्यात खून आणि रहस्य! पहिल्या महायुद्धात दृष्टी गेलेल्या सैनिकांपर्यंत ही पुस्तकं पोचली. त्यांना कुणी जाऊन सांगावं की हे वाचन नव्हे. आमच्या वर्गात एक दृष्टिहीन मित्र आहे. सगळी पदवी त्यानं कानांनी मिळवलीय आणि मराठी कादंबऱ्या त्यानं आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त 'वाचल्यात'. कॅन्टीनमधला तो वाद चालू असताना तो चहा पितो आणि काही बोलत नाही. मला त्याच्या गप्प बसण्याची लाज वाटते.

विज्ञानाचं मत हवं असेल तर तेही आहे. २०१९मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठातल्या संशोधकांनी एक प्रयोग केला. नऊ जणांना त्याच गोष्टी एकदा ऐकवल्या, एकदा वाचायला दिल्या आणि मेंदूचं स्कॅनिंग केलं. शब्दांच्या अर्थाचा मेंदूतला नकाशा दोन्ही वेळा जवळजवळ सारखाच निघाला. माणसं फक्त नऊ होती, आणि यातून अभ्यासाचं पुस्तक ऐकून परीक्षेत किती लक्षात राहील हे ठरत नाही, त्यामुळे आईबाबांना हा परिच्छेद दाखवायला जाऊ नका. गोष्टीपुरतं बोलायचं तर अर्थ कानातून आला की डोळ्यांतून, याचं मेंदूला फारसं काही वाटत नाही.

खरं भांडण माझं दुसऱ्यांशी आहे. ज्यांना वाटतं भयकथा म्हणजे पार्श्वसंगीत, त्यांच्याशी. दार म्हटलं की करकर, रात्र म्हटली की घुबड, बाई म्हटली की पैंजण. सांगणारा चांगला असतो हो, पण त्याच्या आवाजावर इतके ढोल ओतलेले असतात की भूत बिचारं मिरवणुकीत सापडल्यासारखं वाटतं. आणि दर चार वाक्यांनी ती लहान मुलाची हसण्याची रेकॉर्ड. माझी आजी गोष्ट सांगायची तेव्हा तिच्याकडे एकच साउंड इफेक्ट होता: ती सुपारी कातरायची थांबायची. अडकित्त्याचा कट-कट आवाज बंद झाला की आम्ही सगळी भावंडं एकमेकांना चिकटायचो. आवाज घालायला फारशी अक्कल लागत नाही. तो कधी काढून घ्यायचा हे कळणारे निवेदक मराठीत आहेत, त्यांना मोकळं सोडा एवढंच म्हणणं आहे.

याहून गंभीर भांडण 'सत्यघटना'वाल्यांशी. यूट्यूबवर मराठी भयकथा शोधा. पहिल्या दहांतल्या निम्म्यांवर लाल अक्षरांत 'सत्य घटनेवर आधारित' लिहिलेलं असतं. कुठल्या गावात, कुठल्या साली, कुणाच्या घरात, काही नाही. आणि गोष्टीचा शेवट मात्र नेहमी ठरलेला. गावातल्या एखाद्या एकट्या बाईनं करणी केलेली असते, आणि मग कुणी तरी बाबा येऊन उतारा काढतो. इथं मला हसू येत नाही. याच महाराष्ट्रात बायकांना चेटकीण ठरवून मारहाण झालेली आहे, जीव गेलेले आहेत. याच पुण्यात २० ऑगस्ट २०१३ला डॉ. नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घातल्या आणि त्यानंतरच जादूटोणाविरोधी कायदा झाला. तो कायदा गोष्टी सांगायला बंदी करत नाही, करूही नये. भुतावर अजिबात विश्वास नसलेला माणूस भुताची गोष्ट सगळ्यात मजेत ऐकतो, असा माझा अनुभव आहे. कारण त्याला घाबरून मग दिवा लावायचा असतो, नारळ फोडायला जायचं नसतं. धारपांनी, मतकरींनी 'ही कथा आहे' असं सांगून घाबरवलं. ते खरं कौशल्य. 'हे खरंच घडलंय' असं सांगून घाबरवायला लेखक कशाला हवा, व्हॉट्सॲप पुरे आहे.

आम्हाला पहिल्या सेमिस्टरला ऑर्सन वेल्सचं उदाहरण शिकवतात. ३० ऑक्टोबर १९३८, हॅलोविनची आदली संध्याकाळ. अमेरिकेतल्या रेडिओवर 'वॉर ऑफ द वर्ल्ड्स' हे नाटक बातम्यांच्या ढंगात सादर झालं: मंगळावरचे प्राणी न्यू जर्सीत उतरलेत. सगळा देश रस्त्यावर धावत सुटला, असं दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी छापलं. पुढच्या अभ्यासकांनी तपासलं तेव्हा कळलं की घाबरलेली माणसं होती, पण देशभरातली ती पळापळ बरीचशी वर्तमानपत्रांनीच फुगवलेली होती. रेडिओनं गोष्ट सांगितली, 'सत्यघटना' पेपरवाल्यांनी केली. आमच्या धंद्याबद्दल हे मला पुन्हा पुन्हा आठवतं.

हॅलोविनचं नाव निघालंच आहे तर. ऑक्टोबरच्या शेवटी पुण्यातल्या कॅफेंमध्ये प्लॅस्टिकचे भोपळे टांगले जातात, कॉलेजात काळे ओठ रंगवून फोटो निघतात. मला त्याचा राग नाही, मीही गेल्या वर्षी जखीण झाले होते (सगळ्यांना वाटलं मी नववारी डेच्या दिवशी चुकून आले). पण भुतांचा हंगाम ज्याच्या त्याच्या हवेप्रमाणे असतो, एवढं लक्षात घ्या. इंग्रजांची भुतं खरं तर नाताळातली. बाहेर बर्फ, रात्र लांब, शेकोटीभोवती घर जमलेलं. डिकन्सनं 'अ ख्रिसमस कॅरोल' लिहिलं १८४३ला आणि दहा वर्षांनी ते लोकांसमोर स्वतः वाचायला सुरुवात केली. एम. आर. जेम्स हे केंब्रिजचे प्राध्यापक नाताळच्या सुमारास मित्रांना खोलीत जमवून आपली नवी भुताची गोष्ट वाचून दाखवायचे. बघा, तिथंही मूळ गोष्ट कानांसाठीच.

आपला हंगाम आषाढातला. दिवसाढवळ्या अंधारून येतं, मुळशीच्या डोंगरावरून धुकं खाली सरकतं, लाइट जाते आणि महिन्याच्या शेवटी दीप अमावास्या. ज्या लोकांनी अमावास्येला घरातले सगळे दिवे घासूनपुसून लावायचा सण केला त्यांना अंधाराबद्दल काहीतरी माहीत होतं. (त्याच दिवसाला गटारी म्हणून ओळखणाऱ्यांनाही माहीत असेल, ते वेगळं काहीतरी.) दुसरा हंगाम दिवाळीचा. १९०९ला 'मनोरंजन'नं दिवाळी अंक काढला तेव्हापासून आपण फराळाबरोबर गोष्टी खातो. त्यातही 'नवल', 'धनंजय' यांसारखे अंक गूढ आणि रहस्यासाठी लोक राखून ठेवायचे. चिवड्याचा हात पुसून भुताचं पान उलटायचं ही आमच्या आत्याची दिवाळी.

कोलकात्यात रेडिओ मिर्चीवर २००९पासून 'संडे सस्पेन्स' चालू आहे. सत्यजित राय यांच्या गोष्टी, तंत्रमंत्राच्या कथा, भुतं. बंगाली पोरं ते ऐकत मोठी झाली, बेंगळुरूत नोकरीला गेलेलीही रविवारी ते लावतात. आमच्या एका बंगाली सीनियरनं त्यावरूनच शरदिंदू वाचायला घेतला. मला मराठी एफएमवर हे हवंय. आठवड्यातून एक तास. मतकरी द्या, धारप द्या, नव्या लेखकांकडून लिहून घ्या, त्यांना पैसे द्या. ॲपचं भाडं सगळ्यांना परवडत नाही. मेसचे पैसे भरल्यावर महिनाअखेरीला काय उरतं हे या पानाच्या वाचकांना मी सांगायला नको. म्हणूनच फुकटच्या चॅनेलवर आपण जातो. तिथं एखाद्या मोठ्या लेखकाची अख्खी कादंबरी कुणीतरी वाचून टाकलेली असते. लेखकाचं नाव नाही, घरच्यांची परवानगी नाही, वर स्वतःची जाहिरात. ऐकू नका असं म्हणायचा अधिकार मला नाही. पण निदान खाली कॉमेंटमध्ये विचारा की ही गोष्ट कुणाची. आम्ही तिघी-चौघी एकच सबस्क्रिप्शन वर्गणी काढून घेतो आणि एकत्र ऐकतो. त्याचा फायदा असा झाला की एकटीनं इअरफोनमध्ये ऐकण्यापेक्षा चौघींनी एका स्पीकरभोवती ऐकण्यात जास्त मजा आहे हे कळलं. एकटी असताना भीती नुसती वाटते. चौघी असलो की ती एकीकडून दुसरीकडे जाते, मधेच कुणीतरी हसतं, आणि मग दुप्पट होऊन परत येते.

यात माझ्या रूममेटचं एक सांगायचं राहिलं. ती बडोद्याची. घरी मराठी, शाळेत इंग्रजी, गल्लीत गुजराती. बोलते छान, पण मराठी कादंबरीचं एक पान उलटायला तिला दहा मिनिटं लागतात. छापलेल्या मराठीसमोर ती पाहुण्यासारखी अवघडून बसते. मराठी पुस्तक आपल्यासाठी नाहीच असं तिनं ठरवूनच टाकलं होतं. पुण्यातल्या इंग्रजी शाळांमधून आलेल्या निम्म्या पोरांनीही ते ठरवलेलंच आहे, फक्त ते बोलून दाखवत नाहीत. ती गेल्या पावसाळ्यापासून आमच्याबरोबर ऐकायला बसते. पहिल्यांदा नुसती घाबरायला बसायची, मग शब्द विचारायला लागली. माजघर म्हणजे? पडवी म्हणजे? कोनाडा, अडसर, परसदार? तेव्हा मला पहिल्यांदा जाणवलं की मराठी भुताच्या गोष्टीतले निम्मे शब्द घराचे आहेत. आणि ते घर आमच्यातल्या कुणाकडेच नाही. टू बीएचकेला माजघर नसतं. समंध राहणार कुठं, युटिलिटी बाल्कनीत?

तिनं फ्रिजवर कागद चिकटवलाय, त्यावर शब्द लिहिते. मागच्या आठवड्यात 'बळद' आला. चौघींपैकी एकीलाही सांगता येईना. रात्री साडेनऊला गावी आजीला फोन लावला, स्पीकरवर टाकला. आजी म्हणाली, "अगं, वाड्यात धान्य ठेवायची अंधारी कोठी असते ती. आपल्या जुन्या घरात होती की. तुझ्या पणजीनं त्यात…" आणि मग थांबली. म्हणाली, "जेवलात का तुम्ही पोरी? मग सांगते."

आम्ही दिवे घालवले. रूममेटनं रेकॉर्डिंग सुरू केलं. एकोणीस मिनिटांचं झालंय. मधे दोनदा शेजारच्यांच्या कुकरची शिट्टी आहे, आणि एका ठिकाणी आजी बराच वेळ काहीच बोलत नाही.